अण्णांच्या नावावर न फोडलेलं क्रेडिट कार्ड, थकबाकी ३,७९८ आणि माझं अडकलेलं होम लोन

कोपरखैरणेकर_७९ · ९ मार्च २०२५, रात्री ११.१०

नमस्कार मंडळी. जरा लांबण लागणार आहे, पण अर्धवट सांगितलं तर सल्लाही अर्धवटच मिळेल.

माझे वडील, आम्ही अण्णा म्हणतो, तुर्भ्याच्या कांदा-बटाटा मार्केटात तीस वर्षं माथाडी होते. वय ६८. गाव पाटण तालुक्यात. मराठी पेपर पहिल्या पानापासून छोट्या जाहिरातींपर्यंत वाचतात, इंग्रजी अजिबात नाही. माझा जुना टचस्क्रीन त्यांना दिलाय, त्यावर सकाळी हरिपाठ ऐकतात आणि दिवसभर गावाकडचे फोन घेतात. बाकी काही नाही.

मी रबाळ्याला एमआयडीसीत स्टोअरकीपर. घणसोलीला एक रिसेल वन बीएचके पाहिला, ५१ हजार टोकन दिलं. माझ्या एकट्याच्या पगारावर लोन बसत नव्हतं म्हणून राहतं घर तारण द्यायचं ठरलं. ते अण्णांच्या नावावर, म्हणून ते सहअर्जदार. इथपर्यंत सगळं सुरळीत. परवा लोनवाल्याचा फोन आला, 'साहेब, वडिलांचा सिबिल बघितलात का?'

बघितला, म्हणजे कर्ज-उधारी फेडल्याच्या नोंदींचा तो रिपोर्ट. अण्णांच्या नावावर एक क्रेडिट कार्ड. थकबाकी ३,७९८ रुपये. खाली महिन्यांच्या चौकटी असतात ना, त्यात जानेवारीच्या चौकटीत ११८. म्हणजे ११८ दिवस थकीत. ज्या माणसाने उभ्या आयुष्यात किराणावाल्याची वही दुसऱ्या महिन्यात जाऊ दिली नाही, त्याच्या नावापुढे हे.

घरी विचारलं तर अण्णा उठले, ट्रंक काढली. रेशनकार्ड, माथाडी बोर्डाचं जुनं ओळखपत्र, आजीचा मृत्यूचा दाखला, आणि त्याखाली बँकेचं जाड पाकीट. फोडलेलंच नाही. वरच्या कोपऱ्यात कुंकवाचं बोट. 'बँकेतनं आलंय म्हणल्यावर तुझ्या आईनं लावलं,' म्हणाले. 'कामाचं आसंल म्हणून जपून ठिवलं.'

त्यांच्या ईमेलवर (जो मीच उघडून दिला होता आणि नंतर कुणीच बघितला नाही) सहा बिलं सापडली. कार्ड एकदाही वापरलेलं नाही. व्याज महिन्याला ३.६ टक्के. आकडे असे: १५ सप्टेंबरला वार्षिक फी ५०० अधिक जीएसटी, ५९०. पुढच्या महिन्यात १,०८७. मग १,७२३. मग २,३८६, ३,०७७ आणि फेब्रुवारीला ३,७९८. ५९० रुपयांचं हे पिल्लू सहा महिन्यांत केवढं झालं बघा.

शाखेत गेलो. काउंटरवरच्या बाईंनी स्क्रीन बघून सांगितलं, 'कार्ड ॲक्टिव्ह आहे, पैसे भरा, मग बंदचा अर्ज द्या.' वसुलीवाल्यांचे फोन सुरूच. एक तर रात्री पावणेदहाला आला. अण्णांना म्हणाला, 'आजोबा, खाल्लंत ना, मग ओका.' म्हाताऱ्याने खाल्लं काय, तर कुंकू लावलेलं पाकीट.

प्रश्न: भरून मोकळा होऊ की भांडू? विक्रेता महिनाभर थांबेल म्हणतो. बँकेचं नाव मुद्दाम लिहीत नाही.

---

वाशीवाला_पक्या · १० मार्च, सकाळी ८.४२

भाऊ, भरून टाक. चार हजारासाठी घर घालवशील. नंतर भांड.

---

साडेसातची_स्लो · १० मार्च, सकाळी ९.१५

पक्याशी सहमत नाही. आणि महिन्याला ३.६ टक्के म्हणजे वर्षाला ४३ टक्के झाले. ३० टक्क्यांच्या वर व्याज घेणं बेकायदा आहे, ग्राहक आयोगाचा निकाल आहे. त्यावरच पकडा.

---

चरईतल्या_काकू · १० मार्च, दुपारी २.३०

कोपरखैरणेकर, मी बँकेतूनच निवृत्त झाले, शेवटची काही वर्षं तक्रारींच्या टेबलावर होते. त्यामुळे दोन्ही बाजूंचं थोडंफार माहीत आहे.

आधी साडेसातची स्लो यांचं. तो निकाल होता, खरं आहे. राष्ट्रीय आयोगाने २००८ साली दिलेला. पण सर्वोच्च न्यायालयाने २० डिसेंबर २०२४ ला तो रद्द केला. तेव्हा ३० टक्क्यांचा मुद्दा पत्रात घालू नका. एक चुकीचा मुद्दा घातला की बँक नेमकं त्यालाच उत्तर देते आणि बाकीचे चार गिळून टाकते. मीही तशी उत्तरं लिहिली आहेत, आता कबूल करायला हरकत नाही.

आता तुमचं. रिझर्व्ह बँकेचं क्रेडिट आणि डेबिट कार्डांविषयीचं २०२२ चं मास्टर डायरेक्शन, म्हणजे नियमावली, उघडा. १ जुलै २०२२ पासून ते लागू झालं. त्यात तुमच्या कामाचं बरंच आहे.

न मागितलेलं कार्ड द्यायला साफ बंदी आहे. संमती स्पष्ट हवी, 'गप्प बसले म्हणजे हो म्हणाले' असं चालत नाही. तसं कार्ड देऊन, संमतीशिवाय सुरू करून, वर बिल लावलं असेल तर बँकेने सगळे आकार उलटवायचे आणि उलटवलेल्या रकमेच्या दुप्पट दंड ग्राहकाला द्यायचा, तोही कुरकुर न करता. तुमच्या हिशेबात ३,७९८ माफ आणि वर ७,५९६ अण्णांना.

दुसरं. कार्ड दिल्यापासून ३० दिवसांत ग्राहकाने सुरू केलं नाही तर बँकेने ओटीपीने संमती मागायची. ती मिळाली नाही तर मागितल्यापासून सात कामाच्या दिवसांत खातं फुकट बंद करायचं. तिसरं, आणि तुमच्यासाठी हेच सगळ्यात मोठं: नवं कार्ड सुरू होण्याआधी त्याची माहिती सिबिल वगैरे संस्थांना पाठवायचीच नाही.

म्हणजे गंमत बघा. बँक म्हणाली की कार्ड सुरू नव्हतं, तर सिबिलला पाठवलं कसं? म्हणाली सुरू होतं, तर पाकीट बंद असताना ते कुणी सुरू केलं ते दाखवा. दोन्हीकडून सापडतात. म्हणून पाकीट फोडू नका. चारी बाजूंनी फोटो काढा, कुरिअरच्या चिठ्ठीसकट.

आणखी एक, बिलं पुन्हा नीट बघा. तिसऱ्या बिलात विलंब शुल्काच्या पलीकडे व्याज किती लावलंय?

---

कोपरखैरणेकर_७९ · १० मार्च, रात्री ९.०५

काकू, मनापासून आभार. बघितलं. दुसऱ्या बिलात विलंब शुल्क ४७२ (४०० अधिक जीएसटी) आणि व्याज जीएसटीसकट २५. तिसऱ्यात विलंब शुल्क ५९० आणि व्याज ४६. चौथ्यात व्याज ७३, मग १०१, मग १३१.

---

चरईतल्या_काकू · १० मार्च, रात्री ९.४०

वाटलंच. १,०८७ चे ३.६ टक्के ३९ रुपये, त्यावर १८ टक्के जीएसटी, झाले ४६. म्हणजे विलंब शुल्कावर आणि करावर व्याज चढवलंय. त्याच डायरेक्शनमध्ये स्पष्ट आहे: न भरलेले आकार, शुल्क, कर मुद्दलात मिळवून त्यावर व्याज लावायचं नाही. तुमच्या केसमध्ये तर खरेदीच नाही. पहिले ५९० हीसुद्धा फी आणि कर. म्हणजे व्याजाचा एक रुपयाही लागायला नको होता. दुसऱ्या बिलातले २५ सुद्धा चूक.

रक्कम किरकोळ आहे, पण पत्रात हा हिशेब घाला. शाखेतल्यांना कळला नाही तरी वरच्या माणसाला कळतो, आणि समोरचा बिल वाचतो हे त्याच्या लक्षात येतं.

आता खरं सांगा, अण्णांनी कुणाला ओटीपी दिला होता का?

---

कोपरखैरणेकर_७९ · ११ मार्च, पहाटे ५.५०

काकू, तुम्ही नेमकं दुखरं बोट दाबलंत. काल रात्री विचारलं. आधी 'न्हाय' म्हणाले. मग जेवताना स्वतःच सुरुवात केली.

गेल्या ऑगस्टमध्ये केवायसीसाठी शाखेत गेले होते. तिथे टॅब घेतलेला एक मुलगा बसला होता, गळ्यात बँकेचाच पट्टा. त्याने खुर्ची दिली, पाणी आणून दिलं, 'आजोबा गाव कुठलं' विचारलं. तोही साताऱ्याकडचा निघाला, की तसं म्हणाला, देव जाणे. मोबाइल मागितला. मेसेज आला, त्यानेच बघितला, त्यानेच टॅबवर घातला. असं दोन-तीनदा झालं. अण्णांना वाटलं केवायसी चाललीय. 'चांगलं पोरगं व्हतं,' असं अजूनही म्हणतात. म्हणजे त्यांना राग त्या मुलाचा नाही, स्वतःचा येतोय. रात्रीपासून बोलत नाहीत.

आता ओटीपी गेला म्हणजे केस गेली का?

---

पूर्वी_कार्ड_विकायचो · ११ मार्च, सकाळी १०.२०

इथे फक्त वाचतो, लिहीत नाही. पण हे वाचून राहवलं नाही.

दीड वर्ष हेच केलंय, ठाण्यात, वेगळ्या बँकेसाठी. गळ्यातला पट्टा बँकेचा असतो, पगार एजन्सीचा. महिन्याचं टार्गेट मंजूर कार्डांवर, आणि सुरू झालेल्या कार्डांवर वेगळे पैसे. म्हणून काही पोरं तिथल्या तिथे ॲपमधून ॲक्टिव्हेट करून टाकतात. प्लास्टिक नंतर कुरिअरने येतं. ग्राहकाला 'फ्री आहे' सांगायचं, फी पुढे कधी लागते ते बोलायचं नाही. गावाचं नाव विचारणं ही तर पहिली शिकवण.

तेव्हा बँकेकडून हे मागा: अर्ज कुठल्या पद्धतीने आला, सुरू कधी झालं (तारीख आणि वेळ), कुठल्या मोबाइलवरून किंवा उपकरणावरून. हे सगळं त्यांच्याकडे असतं. ती वेळ आणि पाकिटावरची तारीख शेजारी शेजारी ठेवा.

---

चरईतल्या_काकू · ११ मार्च, दुपारी १२.१५

वरच्या मुलाचे आभार. असं कबूल करणारे कमी.

केस जात नाही. बँकेने नेमलेल्या एजंटच्या कृत्याची जबाबदारी बँकेवरच राहते. आणि अर्जासोबत मुख्य अटींचा एक पानाचा गोषवारा द्यावा लागतो, व्याज, फी वगैरे लिहिलेला. तो अण्णांना कधी, कशावर दिला, हे बँकेला विचारा. ओटीपी टाकला गेला हे खरं, पण तो कशासाठी आहे ते समजून टाकला का, हा मुद्दा आहे. मात्र पत्रात 'ओटीपी दिला नाही' असं खोटं लिहू नका. जसं घडलं तसंच लिहा, खुर्ची आणि पाण्यासकट. खऱ्या तपशिलाला वजन असतं.

आता क्रम. शाखेत तोंडी बोलून वेळ घालवू नका. अण्णांच्या सहीने लेखी तक्रार, बँकेच्या तक्रार ईमेलवर आणि प्रधान नोडल अधिकाऱ्याला, म्हणजे बँकेतल्याच तक्रारींच्या वरिष्ठ अधिकाऱ्याला. तक्रार क्रमांक घ्या. त्याच पत्रात कार्ड बंद करायची विनंती वेगळ्या परिच्छेदात. एरवी बंदची विनंती सात कामाच्या दिवसांत पुरी केली नाही तर रोज ५०० रुपये दंड असतो, पण तो बाकी काही नसेल तरच. तुमच्याकडे ते बाकी दाखवतात, म्हणून त्यावर विसंबू नका, फक्त तारीख लागू द्या.

बिलाबद्दल तक्रार केली की ३० दिवसांच्या आत कागदपत्रांसकट खुलासा द्यावा लागतो. ३० दिवसांत उत्तर नाही, किंवा पटलं नाही, तर रिझर्व्ह बँकेच्या लोकपालाकडे, सीएमएस नावाच्या तिच्या तक्रार पोर्टलवर जायचं. फी नाही. वकील लागत नाही, किंबहुना वकिलामार्फत केलेली तक्रार घेतच नाहीत. अण्णांनी अधिकारपत्र दिलं तर तुम्ही करू शकता. अडलात तर १४४४८ ला फोन.

वसुलीचे फोन सकाळी ८ च्या आधी आणि संध्याकाळी ७ नंतर करायला मनाई आहे, ऑगस्ट २०२२ पासून. त्या पावणेदहाच्या कॉलचा स्क्रीनशॉट जोडा.

पक्या म्हणतात तसं भरलंत तर थकबाकी शून्य होईल, पण ११८ ची चौकट तशीच राहील. लोनवाला तीच बघणार. आणि 'थोडे द्या, सेटल करू' म्हणाले तर अजिबात नको, 'सेटल्ड' शेरा पुसता पुसत नाही.

---

साडेसातची_स्लो · ११ मार्च, दुपारी १.००

काकू, निकाल रद्द झाल्याचं माहीत नव्हतं, धन्यवाद. भरपाई म्हणून कामाचं सांगतो: सिबिलकडे वेगळी तक्रार आजच ऑनलाइन टाका, बँकेच्या उत्तराची वाट बघू नका. ३० दिवसांत निकाली काढली नाही तर त्यापुढे रोज १०० रुपये भरपाई, एप्रिल २०२४ पासून नियम आहे. माझ्या मेव्हण्याला त्यातले काही मिळाले होते. आणि सिबिलसारख्या बाकीच्या तीन कंपन्यांचेही रिपोर्ट काढा, प्रत्येकाकडे वर्षातून एक फुकट असतो. एकीकडे दुरुस्त होतं आणि दुसरीकडे तसंच राहतं.

---

वाशीवाला_पक्या · ११ मार्च, दुपारी १.२०

बरं बाबा, माझं मागे घेतलं.

---

कोपरखैरणेकर_७९ · १८ मे २०२५, संध्याकाळी ६.३०

मंडळी, इतके दिवस गप्प होतो. काय झालं ते सांगतो.

११ मार्चला पत्र गेलं. मीच टाइप केलं, अण्णांना वाचून दाखवलं. 'पाणी पिलो हे कशाला घातलंस' म्हणाले, पण सही केली. १९ ला उत्तर आलं: 'अटी व शर्तींनुसार आकार योग्य आहेत.' एवढंच. तेच उत्तर जोडून नोडल अधिकाऱ्याला पुन्हा लिहिलं, ॲक्टिव्हेशनची वेळ मागितली, काकूंचा ४६ रुपयांचा हिशेब टाकला.

३ एप्रिलचं उत्तर वाचून मी कंपनीत खुर्चीतून उठलोच. 'कार्ड २२ ऑगस्ट २०२४ रोजी ११.५२ वाजता डिजिटल पद्धतीने कार्यान्वित.' आणि पाकिटावरची कुरिअरची चिठ्ठी? २८ ऑगस्ट. अण्णांनी आधीच सांगितलं होतं, दहीहंडीच्या दुसऱ्या दिवशी पाकीट आलं, गल्लीत अजून चिखल होता. कार्ड घरी यायच्या सहा दिवस आधी सुरू झालेलं.

मी त्या दोन तारखांचे फोटो शेजारी शेजारी लावून परत पाठवले. एक ओळ लिहिली: 'पाकीट आजही बंद आहे, केव्हाही येऊन बघा.' ७ एप्रिलला ३,७९८ उलटवले, कार्ड बंद, थकबाकी नसल्याचं पत्र. सिबिलमधून ते खातं मेच्या पहिल्या आठवड्यात गेलं. एका दुसऱ्या रिपोर्टात अजून होतं, स्लो भाऊ म्हणाले होते तसंच, तेही आता गेलं. वसुलीचे फोन पत्र गेल्याच्या चौथ्या दिवसापासून बंद.

विक्रेता थांबला. त्याने आणखी २५ हजार टोकन वाढवून घेतलं, पण थांबला. लोन मंजूर झालं परवा.

राहिला दंड. ७,५९६ बद्दल बँक म्हणते, आकार 'सद्भावनेपोटी' उलटवलेत, चूक मान्य केलेली नाही, म्हणून दंड लागू होत नाही. मी ते सोडून देणार होतो. अण्णा नाही म्हणाले. मार्केटात हमालीच्या दरावरून भांडलेला माणूस आहे. 'माफ करायला आपुन काय चूक केलती?' असं विचारलं. त्याला माझ्याकडे उत्तर नव्हतं. १२ तारखेला अधिकारपत्र जोडून सीएमएसवर तक्रार टाकली, क्रमांक आलाय.

एकच शंका. लोकपालांनी मूळ पाकीट मागितलं तर पाठवायचं का? पोस्टात हरवलं तर पुरावाच गेला. आणि अण्णा ते हातातून सोडायला तयार नाहीत.

---

चरईतल्या_काकू · १८ मे, रात्री ८.१०

मूळ कुठेही पाठवायचं नाही. ट्रंकेतच राहू द्या. चांगल्या स्कॅनरवर दोन्ही बाजू काढा, कुंकवाचं बोट आलं तरी येऊ द्या, फक्त चिठ्ठीवरची तारीख आणि बंद कडा स्पष्ट दिसायला हव्यात. 'सद्भावना' शब्द असलेलं बँकेचं पत्रही जोडलंत ना?

---

कोपरखैरणेकर_७९ · १८ मे, रात्री ८.१४

राहिलंच होतं. आत्ता टाकतो.